उभा मेलेला माड

निसर्ग वादळ आलं ३ जून २०२० ला. श्रीवर्धनकडच्या आमच्या वाडीत आडवे झालेले माड आम्ही लगेच हलवले, शेंडा मोडून उभे राहिलेले मात्र तसेच ठेवले. चुकलं ते तिथेच. माडाला शेंडा एकच. तो गेला की झाड गेलं. कुजत्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि मग जिवंत माडांचे शेंडे पोखरतो.

कुऱ्हाड उचलली, तर गड्याने हात धरला. निरोगी झाडात खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये राखलेलं लाकूड बिजागरीसारखं झाडाला वळवतं. कुजलेल्यात ते मोडतं, आणि झाड कुठेही येतं! म्हणून आधी खोड ठोकायचं. पोकळ वाजलं तर चढायचं नाही; बांबूने फास वर सरकवून ओढायचं, हिसके न देता. दोर झाडाच्या दुप्पट तरी लांब हवा. आमचा तोकडा होता, दुसरा आणेपर्यंत काम थांबवलं.