बॅटरीच्या तीनचाकी गाडीस लिथियमची बॅटरी बसवितांना

मळ्यांतील भाजी, दुधाचे कॅन, खताचीं पोतीं अथवा ठिबकाच्या नळ्या यांची ने-आण करण्यासाठीं विजेच्या बॅटरीवर चालणारी लहान तीनचाकी गाडी गेल्या कांहीं वर्षांत अनेक बागाइतदारांच्या वस्तीवर दिसूं लागली आहे. बैलजोडीप्रमाणें तिला वैरण नको, आणि डिझेलच्या टेंपोच्या मानानें तिचा रोजचा खर्च थोडका. म्हणून ती लोकांस आवडली. परंतु दीड-दोन वर्षें लोटलीं कीं हीच गाडी दुखणेकरी बैलाप्रमाणें वागूं लागते. रात्रभर भरलेली बॅटरी दुपारच्या आंत बसते, चढावर गाडी रडते, आणि मालक कंटाळून कारागिराकडे जातो. हल्लीं कारागीर त्यास एकच उपाय सांगतो. तो म्हणजे शिशाच्या चार बॅटऱ्या काढून त्यांच्या जागीं लिथियमची एक बॅटरी बसविणें. हा उपाय पुष्कळ ठिकाणीं योग्य आहे. परंतु सर्वांस तो सारखाच लाभदायक नाहीं, आणि निष्काळजीपणें केल्यास पैसा व प्रसंगीं घर या दोहोंसही धोका आहे.

विजेची तीनचाकी आपल्या प्रांतास अगदींच परकी नव्हे. फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेंत डॉ. अनिल राजवंशी यांच्या मार्गदर्शनाखालीं इ. स. २००० च्या सुमारास विजेवर चालणारी रिक्षा तयार करण्यांत आली होती. त्या काळीं अशा गाडीस शिशाच्या बॅटरीवांचून दुसरा व्यवहार्य पर्याय नव्हता. पुढें दिल्ली व उत्तरेकडील शहरांत या रिक्षांचा सुळसुळाट झाला, आणि २०१५ सालीं मोटार वाहन कायद्यांत दुरुस्ती होऊन ई-रिक्षा व मालवाहू ई-कार्ट यांस कायद्यानें स्थान मिळालें. शक्ति ४००० वॅटपर्यंत, वेग ताशीं २५ किलोमीटर आणि ई-कार्टवर माल ३१० किलोपर्यंत, अशा तिच्या मर्यादा आहेत. हा शेवटचा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. त्याचें कारण पुढें येईल.

शिशाची बॅटरी फ्रान्समधील गॅस्टन प्लांते यानें १८५९ सालीं प्रथम सिद्ध केली, आणि इतकीं वर्षें ती टिकली यावरूनच तिचे गुण दिसून येतात. ती स्वस्त असते, कोठेंही मिळते, आणि मोडीतही तिला भाव येतो. तिचा दोष तिच्या रसायनांतच आहे. बॅटरी रिकामी होतांना आंतील प्लेटांवर शिशाचें सल्फेट सांचतें व भरतांना तें पुन्हां मोडतें. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली तर त्या सल्फेटाचे टणक खडे बनतात, व मग कितीही वीज दिली तरी ते मोडत नाहींत. आपल्याकडे संध्याकाळीं गाडी आली आणि रात्रीं वीज गेली, असें वरचेवर घडतें. बॅटरी अर्धपोटी राहते आणि तिचें आयुष्य झिजतें. त्यांतच पाणी घालण्याची आठवण राहिली नाहीं तर विचारावयासच नको.

आतां हिशोब पाहूं. बारा व्होल्टच्या, प्रत्येकीं १०० अँपियर-तासांच्या चार बॅटऱ्या ओळीनें जोडल्या म्हणजे कागदावर ४८०० वॅट-तास, अर्थात् ४.८ युनिट वीज सांठते. परंतु हा १०० चा आंकडा बहुधा वीस तासांत सावकाश, म्हणजे ५ अँपियरनें काढलेल्या विजेचा असतो. गाडी तर २५ ते ३० अँपियर ओढते. इतक्या ओढीनें त्याच बॅटरींतून सत्तर-पंचाहत्तर अँपियर-तासच हातीं येतात. आणि बॅटरी टिकावी असें वाटत असेल तर निम्म्याहून अधिक उपसा करूं नये. म्हणजे ४.८ युनिटांपैकीं रोजच्या उपयोगाचीं २.४ युनिटेंच समजावींत. अशा बेताच्या वापरानें बॅटरी भरण्या-उपसण्याचे सुमारें ५०० फेरे मिळाले, तर तिच्या साऱ्या आयुष्यांत १२०० युनिट काम होतें. रोज तळ गांठला तर त्याहून पुष्कळच कमी.

लिथियमची ५१.२ व्होल्ट, १०० अँपियर-तासांची बॅटरी ५.१२ युनिटांची असते. तींतून ऐशीं टक्के, म्हणजे सुमारें ४.१ युनिट रोज काढण्यास हरकत नाहीं, आणि जलद उपशानें तिची धारणाशक्ति फारशी घटत नाहीं. चांगल्या मालाचे २००० फेरे धरले तरी ८२०० युनिट काम झालें. किंमत शिशाच्या दुप्पट-तिप्पट पडली, तरी कामाचें मान जवळजवळ सातपट आहे. शिवाय चार शिशाच्या बॅटऱ्यांचें वजन सुमारें १२० किलो असतें, तें ५० किलोच्या आंत येतें. आणि भरण्यास आठ-दहा तासांऐवजीं तीन-चार तास पुरतात.

मात्र हा सातपटीचा हिशोब खरा ठरण्यास गाडी रोज धांवली पाहिजे. दूधवाला, फूलवाला, नित्य बाजार करणारा भाजीवाला यांस तो लागू पडतो. द्राक्षाच्या किंवा कांद्याच्या मोसमांत वर्षाकांठीं शंभर दिवसच जो गाडी काढतो, त्याचे दहा वर्षांतही हजारच फेरे होणार. आणि लिथियमची बॅटरी वापरली नाहीं तरी वयानें झिजतेच. अशा गृहस्थानें शिशाच्या नव्या बॅटऱ्या घेऊन त्या दर महिन्यास न चुकतां भराव्यात, हेंच आमच्या मतें शहाणपणाचें.

लिथियम म्हणजे एकच पदार्थ, असा समज बाजारांत आहे तो चुकीचा आहे. निकेल, मँगनीज व कोबाल्ट यांच्या मिश्रणाचे सेल वजनानें हलके, परंतु तापले असतां लवकर भडकणारे. दुसरी जात लोह-फॉस्फेटाची. हा पदार्थ अमेरिकेंतील टेक्सस विद्यापीठांत अक्षय पाधी, नंजुंडस्वामी व जॉन गुडइनफ यांनीं अभ्यासून १९९७ सालीं प्रसिद्ध केला. पैकीं गुडइनफ यांस लिथियम बॅटरीवरील कार्याबद्दल २०१९ सालीं नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. या जातींत फॉस्फेटाशीं प्राणवायु घट्ट बांधलेला असल्यामुळें ती सहजासहजीं पेट घेत नाहीं, आणि तिचे फेरेही अधिक. थोडें वजन वांचविण्यासाठीं पहिली जात घ्यावी अशी शेतावरील गाडीस मुळींच गरज नाहीं. विक्रेत्यास ‘लोह-फॉस्फेट’ हा शब्द पावतीवर लिहावयास लावावा.

जुन्या बॅटऱ्या काढून नवी पेटी ठेवली कीं काम झालें, असें समजणारे पुष्कळ आहेत. खरें काम तेथूनच सुरू होतें. लोह-फॉस्फेटाचे १६ सेल ओळीनें जोडले म्हणजे ५१.२ व्होल्ट होतात व पूर्ण भरल्यावर ते ५८.४ पर्यंत चढतात. शिशाच्या ४८ व्होल्टच्या चार्जरचा आंकडाही याच्या आसपासच असतो, आणि येथेंच फसगत होते. जुना चार्जर ‘चालतो’ म्हणून तोच वापरला जातो. पण त्याची भरण्याची रीत शिशासाठीं ठरविलेली असते, व कांहीं चार्जर प्लेटा साफ करण्यासाठीं मधूनच दाब वाढवितात. लिथियमच्या सेलास तो दाब घातक आहे. कांहीं पेट्यांत १५ च सेल असतात. त्यांची कमाल ५४.७५ व्होल्ट. तेथें तर जुना चार्जर निश्चित वर्ज्य. बॅटरीबरोबर तिचाच चार्जर घ्यावा. कंट्रोलर ५८.४ व्होल्ट सोसतो कीं नाहीं, हेंही त्यावरील पाटी वाचून पाहावें.

पेटींत सेलांवर पहारा ठेवणारी एक पट्टी असते, तिला कारागीर बी. एम. एस. म्हणतात. एखादा सेल फार भरला, फार रिता झाला, फार तापला अथवा ओढ मर्यादेबाहेर गेली, तर ती वीज तोडते. १५०० वॅटची मोटार सपाटीवर ३०-३२ अँपियर घेते, परंतु भरल्या गाडीनें ओढ्यांतून वर चढतांना कंट्रोलर ५०-६० अँपियरही मागतो. पट्टी ४० अँपियरची असेल तर नेमकी चढावर वीज तुटेल. शिशाची बॅटरी मरत मरत थांबते, मालकास अगोदर सूचना मिळते. लिथियमची गाडी एका क्षणांत थांबते. मागें उतार, बाजूस विहीर आणि पुढें भरधाव ट्रकांचा रस्ता असे प्रसंग आपल्या पाणंदींवर कांहीं दुर्मिळ नाहींत. म्हणून पट्टीची सततची मर्यादा कंट्रोलरच्या कमाल मर्यादेहून कमी नसावी, आणि हातब्रेक नीट असावा.

जुना कांटाही आतां खोटें बोलतो. शिशाच्या बॅटरीचा दाब हळूहळू उतरतो, त्यावर तो कांटा बांधलेला. लोह-फॉस्फेटाचा दाब मात्र बहुतेक शेवटपर्यंत एका पातळीवर राहतो व मग एकदम कोसळतो. त्यामुळें कांटा ‘भरपूर’ दाखवीत असतांनाच गाडी बंद पडते. आंत गेलेल्या व बाहेर पडलेल्या विजेचा जमाखर्च ठेवणारें मीटर मिळतें, तें बसवावें. दिवे व भोंगा कांहीं गाड्यांत चारांपैकीं एकाच बॅटरीवरून घेतलेले असतात. तसें आतां करतां येणार नाहीं, त्यासाठीं ४८ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लागतो. धन टोकाजवळ योग्य फ्यूज अवश्य असावा, कारण या बॅटरीच्या तारा एकमेकींस लागल्यास जो प्रवाह उसळतो त्यापुढें पाना वितळतो. डोंगरी भागांत आणखी एक गोष्ट: उतारावर मोटारच उलट वीज निर्माण करून बॅटरींत ढकलते, अशी सोय कांहीं कंट्रोलरांत असते. वस्ती माथ्यावर असेल व बॅटरी कांठोकांठ भरलेली असेल, तर त्या विजेस जागा उरत नाहीं आणि पट्टी ती तोडते. अशा ठिकाणीं ती सोय बंद ठेवावी.

पेटी रबराच्या पट्टीवर घट्ट आवळावी. खडबडीत वाटेनें सेलांचे बोल्ट ढिले होतात व ढिला बोल्ट तापतो. ती चिखल-पाण्यापासून बंद असावी, आणि फवारणीच्या पंपानें गाडी धुण्याची जी संवय आपल्यांत आहे ती सोडावी.

सर्वांत मोठी लबाडी मालाच्या वयांत होते. मोडींत निघालेल्या वाहनांचे सेल नव्या पत्र्याच्या पेटींत घालून, वर चकचकीत कागद चिकटवून विकले जातात. यावर एक साधी परीक्षा आहे. विजेचीं युनिटें मोजणारें लहान मीटर भिंतीच्या सॉकेटांत लावून त्यांतून चार्जर जोडावा, आणि पूर्ण रिकामी बॅटरी पूर्ण भरावी. ५.१२ युनिटांची खरी बॅटरी, चार्जरची घट धरून, साडेपांच ते सहा युनिट घेईल. साडेतीन-चार युनिटांतच पोट भरलें तर मालाची वही मिटवावी. ही परीक्षा पैसे देण्यापूर्वीं विक्रेत्याच्या दुकानांतच करून मागावी; जो नकार देईल त्याचें उत्तर आपोआप मिळालें. पावतीवर सेलांची जात, शक्ति व हमीचीं वर्षें लिहून घ्यावींत.

२०२२ सालच्या वसंत-ग्रीष्मांत पुण्यासह देशांत अनेक ठिकाणीं विजेच्या दुचाक्या पेटल्या, आणि त्यानंतर केंद्र सरकारनें बॅटरीच्या कसोट्या अधिक कडक केल्या. लोह-फॉस्फेट शांत जातीचें असलें तरी तें अजिबात पेटत नाहीं असें कोणी सांगितल्यास मानूं नये. बिघडलेला सेल ज्वालाग्राही वायु सोडतो. म्हणून गोठ्यांत, कडब्याच्या गंजीजवळ, खताच्या अथवा डिझेलच्या कोठींत, किंवा माणसें निजतात त्या पडवींत गाडी भरण्यास लावूं नये. स्वतंत्र मोकळी शेड, वर पत्रा, खालीं फरशी, हें उत्तम. विदर्भ-खानदेशाच्या उन्हाळ्यांत दुपारची फेरी करून आलेली गाडी लगेच न भरतां तास-दोन तास सावलींत निवूं द्यावी. मोसम संपल्यावर बॅटरी निम्मी भरून ठेवावी. पूर्ण भरून वा रिती करून नव्हे.

कायद्याचा प्रश्नही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणींतील तपशिलाशीं विसंगत असा फेरफार वाहनांत करतां येत नाहीं. गाडी नोंदलेली असेल तर काम करण्यापूर्वीं प्रादेशिक परिवहन कार्यालयांत व विमा कंपनींत लेखी विचारणा करावी. अपघातानंतर विमा नाकारला गेल्यास वांचविलेले पैसे कोणत्याही हिशोबांत बसणार नाहींत. आणि बॅटरीचें सत्तर किलो वजन उतरलें म्हणून तितका माल अधिक भरण्याचा मोह होतो, तोही टाळावा. ३१० किलोंची मर्यादा बॅटरी हलकी झाल्यानें वाढत नाहीं. आंस व ब्रेक जुनेच आहेत.

काढलेल्या चार बॅटऱ्या एकदम मोडींत घालूं नयेत. बहुधा त्यांतील एक-दोनच पुऱ्या खराब झालेल्या असतात व त्या बाकीच्यांस ओढतात. प्रत्येक वेगळी भरून, चोवीस तास ठेवून दाब मोजावा. १२.६ व्होल्टच्या आसपास टिकणारी बॅटरी रानडुकरांसाठीं लावलेल्या झटका मशीनला अजून पुष्कळ दिवस चालेल. उरलेल्या, नव्या मालाच्या खरेदींत वळत्या कराव्यात अथवा परवानाधारक व्यापाऱ्यास द्याव्यात. शिसें काढण्यासाठीं परड्यांत बॅटरी फोडण्याचा उद्योग कोणीही करूं नये. तें विष विहिरीच्या पाण्यांत उतरतें.