वाऱ्याशी बांधलेलं छप्पर

आयर्लंडच्या वायव्येला, डोनेगल परगण्यातल्या ग्लेनकोल्मकिल या गावी जुन्या धाटणीच्या घरांचं संग्रहालय आहे. जेम्स मॅकडायर या पाद्र्याच्या पुढाकाराने ते १९६७ साली उभं राहिलं. तिथल्या घरांत पाहण्यासारखं बरंच आहे, पण माझे पाय खिळले ते वळचणीपाशी. पाख्याच्या किंचित खाली, भिंतीतूनच दगडी खुंट्या ओळीने बाहेर आलेल्या. छपरावर दोरांचं जाळं, आणि त्याची टोकं या खुंट्यांना करकचून बांधलेली. आढ्यालाही धार नाही, ते गोलसर. अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्याला बोट शिरकवायलाही जागा ठेवलेली नाही.

आतून वर पाहिलं की छपराचे थर उलगडतात. वाशांवर आधी गवताळ मातीचे पातळ, लांब पट्टे. हे कुरणातून कापायचे, काठीवर गुंडाळून वर न्यायचे आणि आढ्यापासून वळचणीपर्यंत उलगडायचे. त्यावर ओट किंवा राय धान्याचा पेंढा. किनाऱ्यापासून आत गेलं, वारा मंदावला, की दोरांची गरज उरत नाही. तिथे हेझलच्या किंवा वाळुंजाच्या वाकवलेल्या काड्या टोचून पेंढा जखडतात.

खरी वानवा होती लाकडाची. जंगलं तुटलेली, म्हणून दलदलीत हजारो वर्षं गाडलेले ओक आणि पाइनचे ओंडके लोक शोधून काढत. पहाटे जिथे दंव टिकत नाही तिथे लांब सळई खुपसून पाहायची. जेवढी लांब तुळई मिळेल तेवढंच घर रुंद, आतून साधारण १२ ते १५ फूट. संसार वाढला की घर लांबीला वाढायचं. एका खोलीतून दुसरीत जायचं. भिंत जिथे जे मिळेल त्याची: इथे दगडाची, आग्नेयेला वेक्सफर्डकडे पेंढा कालवलेल्या मातीची. बाहेरून चुन्याची सफेदी. पश्चिमेकडच्या घरांना समोरासमोर दोन दारं. वाऱ्याकडचं लावायचं, दुसरं उघडं ठेवायचं. ही साधी युक्ती मला फार मोलाची वाटते.

ही छपरं सारखी शाकारत राहावी लागतात आणि त्यासाठी लांब, न चेंगरलेला पेंढा लागतो. कम्बाइन हार्वेस्टर ताटं चिरडून टाकतो. छपरासाठी म्हणून जुन्या पद्धतीने कापणी करणारा शेतकरी टिकवणं, हे मला या घरांच्या जतनातलं पहिलं काम वाटतं.