एक्सफोलिएटिंग आम्ले

एक्सफोलिएटिंग आम्ले ही त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील मृत पेशी सुट्या करण्यासाठी वापरली जाणारी सेंद्रिय आम्ले आहेत. मुरूम, ब्लॅकहेड, काळे डाग व खडबडीत त्वचा यांवरील फेसवॉश, सीरम आणि क्रीममध्ये त्यांचा वापर होतो. यांपैकी ग्लायकॉलिक आम्ल उसाच्या रसात आढळते. त्यामुळे पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या ऊस उत्पादक तालुक्यांतील वाचकांना या विषयातील एक घटक शेतातूनच परिचित आहे.

प्रकार

अल्फा हायड्रॉक्सी आम्ले पाण्यात विरघळतात. ग्लायकॉलिक, लॅक्टिक व मँडेलिक ही त्यांतील प्रमुख आम्ले होत. ती मृत पेशींना धरून ठेवणारे बंध सैल करतात. ग्लायकॉलिक आम्लाचा रेणू सर्वांत लहान असल्याने ते त्वचेत लवकर शिरते व जळजळही अधिक करू शकते. मँडेलिक आम्लाचा रेणू मोठा असून त्याचा परिणाम संथ असतो. सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळते, म्हणून ते तेलाने भरलेल्या रंध्रांच्या आत पोहोचते. ग्लुकोनोलॅक्टोनसारखी पॉलिहायड्रॉक्सी आम्ले सर्वांत सौम्य मानली जातात.

या आम्लांच्या आधुनिक वैद्यकीय वापराचा पाया यूजीन व्हॅन स्कॉट व रुई यू यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने घातला. ते संशोधन इक्थिओसिस या त्वचा खवल्यांसारखी होणाऱ्या विकारावर होते.

उसाशी संबंध

नीरा कालव्याच्या पाण्यामुळे या अवर्षणप्रवण पट्ट्यात ऊस वाढला. माळेगाव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. तथापि बाजारातील बहुतेक ग्लायकॉलिक आम्ल उसापासून नव्हे, तर रासायनिक संश्लेषणाने तयार होते. लॅक्टिक आम्ल मात्र मुख्यतः साखर किंवा स्टार्च आंबवून मिळवतात. आम्लाचा स्रोत नैसर्गिक असल्याने ते निर्धोक ठरत नाही. त्याचा परिणाम तीव्रता, सामू आणि त्वचेवर राहण्याचा कालावधी यांवर अवलंबून असतो. अमेरिकेतील सौंदर्यप्रसाधन घटक परीक्षण मंडळाने घरगुती उत्पादनांतील ग्लायकॉलिक व लॅक्टिक आम्लांसाठी कमाल १० टक्के तीव्रता व किमान ३.५ सामू ही मर्यादा सुचवली आहे. याहून तीव्र 'पील' प्रशिक्षित व्यक्तींच्या देखरेखीखाली केले जातात.

तेलकट त्वचा

तेलकट व मुरूमप्रवण त्वचेसाठी ०.५ ते २ टक्के सॅलिसिलिक आम्ल सामान्यतः वापरले जाते. प्रारंभ आठवड्यातून दोन-तीन रात्रींनी करून त्वचेला सोसेल तसे प्रमाण वाढवतात. तेल जाण्यासाठी चेहरा वारंवार धुणे किंवा आम्लासोबत खरखरीत स्क्रब घासणे यांमुळे त्वचेचे संरक्षक आवरण दुखावते. ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी व गर्भवतींनी सॅलिसिलिक आम्लाबाबत डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक असते.

संवेदनशील त्वचा

अशा त्वचेसाठी कमी तीव्रतेचे लॅक्टिक, मँडेलिक किंवा पॉलिहायड्रॉक्सी आम्ल आठवड्यातून एकदा पुरेसे असते. प्रथम हाताच्या आतील बाजूस काही दिवस लावून पाहिले जाते. आम्लानंतर मॉइश्चरायझर लावतात. रेटिनॉइड व आम्ल एकाच रात्री टाळतात. क्षणिक चुरचुर होऊ शकते. मात्र लाली, साल निघणे किंवा आग टिकून राहिल्यास वापर थांबवावा लागतो. इसब किंवा जखम असलेल्या त्वचेवर ही आम्ले लावली जात नाहीत.

ऊन आणि काळे डाग

अल्फा हायड्रॉक्सी आम्लांमुळे त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होते व वापर थांबवल्यानंतर सुमारे आठवडाभर ही काळजी घ्यावी लागते. भारतीय वर्णाच्या त्वचेत दाह झाल्यास तेथे काळा डाग राहण्याची प्रवृत्ती असते. म्हणजे डाग घालवण्यासाठी लावलेल्या आम्लाचा अतिरेक नवे डाग निर्माण करू शकतो. ऊसतोड, द्राक्ष वा डाळिंबाच्या बागेतील काम किंवा दुचाकीवरील प्रवास यांत दिवस जाणाऱ्यांसाठी रात्रीचा वापर, किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन आणि टोपी वा ओढणी हे उपचाराचेच भाग ठरतात. सनस्क्रीन नियमित लावणे शक्य नसल्यास अल्फा हायड्रॉक्सी आम्ले न वापरणे हितावह असते.

गैरसमज व गैरवापर

लिंबाच्या रसाचा सामू सुमारे २ असतो. शिवाय लिंबातील फ्युरोकुमारिन द्रव्यांमुळे उन्हात त्वचेवर फोड व डाग येऊ शकतात. त्यामुळे तो सौम्य घरगुती पर्याय नाही.

सॅलिसिलिक आम्ल व तीव्र स्टेरॉइड यांचे मिश्रण असलेली मलमे सोरायसिससारख्या विकारांसाठी असतात. मुरुमांवर किंवा उजळपणासाठी ती चेहऱ्यावर लावल्यास त्वचा पातळ होते, मुरूम वाढतात आणि मलम सोडताच आग होते. केंद्र शासनाने २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीविना विक्रीची असलेली सवलत काढून घेतली. म्हणून खरेदीपूर्वी केवळ आम्लाचे नाव नव्हे, तर वेष्टनावरील सर्व घटक वाचणे आवश्यक ठरते. गाठी, खोल व्रण किंवा काही महिन्यांत न बरे होणारे मुरूम असल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे योग्य असते. बारामती येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.