गढूळ पाणी, निळा रंग

पहाटे ५:३०. चहाच्या आधी भरती-ओहोटीचा तक्ता. ओहोटी असली तरच चेणे नदीचं खालच्या अंगाचं पाणी नदीचं. भरतीला खाडी आत शिरते आणि नमुना धड कुणाचाच राहत नाही. बाटल्या रात्रीच सौम्य आम्लाने धुतल्यात. साबण नाही लावायचा. त्यात फॉस्फेट असलं, तर दिवसभर आपल्याच साबणाची तपासणी.

७:००. घोडबंदर रस्त्याजवळची भातखाचरं. रात्री जोराचा पाऊस झालाय, एक बांध फुटलाय. पहिली बाटली तिथेच भरली, दुसरी ओढ्यात, तिसरी खाली वस्तीचा नाला मिळतो त्याच्यापुढे. प्रत्येकीतलं अर्धं पाणी जागच्या जागी गाळलं आणि सगळं बर्फात ठेवलं.

बांधावरच्या काकी म्हणाल्या, "पाणी कसलं नेतेस बाय, माती बघ किती चाललीय!" खाडीत स्फुरद (फॉस्फरस) येतं कुठून, याचं अर्धं उत्तर त्यांनी तिथेच दिलं. कोकणातली तांबडी, आम्लधर्मी माती स्फुरद लोहाशी बांधून धरते. ते विरघळून थोडं जातं, मातीवर स्वार होऊन जास्त. डीएपी खताच्या ५० किलोच्या गोणीत निव्वळ स्फुरद जेमतेम १० किलो, आणि तेही असं फुटक्या बांधातून!

मी चारसूत्री भातलागवडीतल्या खताच्या गोळीची गोष्ट काढली: युरिया-डीएपीची, चार चुडांच्या मधोमध, ७ ते १० सेंटीमीटर खोल खोचायची. वर फेकलेलं खत सरीबरोबर वाहतं, ही जागेवर राहते.
"खोचणार कोण? कंबर जाते. तू ये उद्या."
मजुरी आणि कंबर, दोन्हींवर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

११:००. प्रयोगशाळा. न गाळलेले नमुने ऑटोक्लेव्हमध्ये अर्धा तास. मग मॉलिब्डेट, ॲस्कॉर्बिक आम्ल, आणि वाट पाहणं. स्फुरद जितकं, तितका निळा रंग.

दुपारी ३:००. खाचराचं गाळलेलं पाणी फिकट, न गाळलेलं गडद. नाल्यापुढचं मात्र गाळूनही गडदच: तिथलं स्फुरद विरघळलेलं, मोरी-संडासाचं. त्याला बांध घालून भागत नाही, सांडपाणी शुद्ध करावं लागतं. मीरा-भाईंदरमध्ये उरलेल्या चार खाचरांवर खाडीचा सगळा दोष ढकलणं सोयीचं असेल, पण या बाटल्या तसं म्हणत नाहीत.

६:००. बाटल्या पुन्हा आम्लात. तक्ता पाहिला: उद्या ओहोटी पन्नासएक मिनिटं उशिरा. तेवढ्या वेळात गोळ्यांची एखादी ओळ खोचून होईल.