निलंबन आणि निर्वाह

निलंबन ही शिक्षा नव्हे, असें कायदा सांगतो. चौकशी निर्वेध व्हावी एवढ्यापुरतेंच नोकरास कामापासून दूर ठेवावयाचें, हा त्याचा हेतु. परंतु चौकशी महिनोन्‌महिने रेंगाळली म्हणजे निकाल लागण्यापूर्वींच तो नोकर व त्याचीं मुलेंबाळें शिक्षा भोगूं लागतात. भोर-वेल्ह्याच्या डोंगरी मुलखांत शेती पावसाच्या भाताची; शिक्षकाचा, ग्रामसेवकाचा वा एस.टी.च्या वाहकाचा पगार हाच बहुधा घरांतील रोख पैसा. शिवाय, निलंबित सरकारी नोकरानें दुसरी नोकरी वा धंदा करावयाचा नाहीं आणि परवानगीवांचून मुख्यालय सोडावयाचें नाहीं. हात बांधावयाचे, तर पोटाची तजवीज बांधणाऱ्यानेंच केली पाहिजे, हें उघड आहे.

ही तजवीज म्हणजे निर्वाहभत्ता. महाराष्ट्राच्या १९८१ च्या सेवानियमांप्रमाणें सरकारी नोकरास आरंभीं अर्धवेतनी रजेइतकी रक्कम व महागाईभत्ता मिळतो. कारखान्यांतील कामगारांसाठीं १९८२ सालीं कायदा सुधारून पहिले ९० दिवस अर्धें, व विलंब कामगारामुळें नसल्यास पुढें पाऊण वेतन ठरलें. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेंहि तेंच प्रमाण राखिलें आहे.

हा भत्ता म्हणजे भिक्षा नव्हे. फौजदारी खटल्यांत दोषी ठरलेल्या नोकरास अपील चालू असतां दरमहा एक रुपया द्यावा, असा आपल्या राज्याचा एक नियम होता! सर्वोच्च न्यायालयानें तो १९८३ सालीं रद्द केला. तत्पूर्वीं १९७३ सालीं मध्य प्रदेशांतील एका वनक्षेत्रपालाचें प्रकरण त्याच न्यायालयापुढें आलें होतें. भत्ता न मिळाल्यानें तो ५०० किलोमीटर दूरच्या चौकशीस जाऊं शकला नव्हता. न्यायालयानें त्यास न्याय दिला. वेल्ह्याहून पुण्याचें अंतर त्याहून पुष्कळ थोडें, पण रिकाम्या खिशास तेंहि लांबच.

कोणी म्हणेल, लांचखोरास घरबसल्या पैसा कां द्यावा? आमचें उत्तर सरळ आहे: चौकशी लवकर संपवा. अपराधी असेल तो जाईल, निरपराधी कामावर येईल, आणि खजिन्याचाहि पैसा वांचेल. तीन महिन्यांत आरोपपत्र न दिल्यास निलंबन लांबवूं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं ठरविलें. राज्य शासनानेंहि ९ जुलै २०१९ रोजीं तदनुसार हुकूम काढला. तेव्हां निलंबितांनीं दुसरी नोकरी नसल्याचा दाखला वेळेवर देऊन भत्ता लेखी मागावा, आणि मुदत उलटतांच हुकमाकडे बोट दाखवावें. अधिकाऱ्यांनीं एवढेंच स्मरावें कीं, चौकशीच्या कागदावर धूळ बसते तेव्हां कोणाच्या तरी घरची चूल थंड होत असते.