बोट कुणाच्या नावावर?

मांडव्याला जायचं आणि स्वतःच्या शिडाच्या होडीत वीकएंड काढायचा, हे खूळ आता फक्त साउथ बॉम्बेवाल्यांचं राहिलेलं नाही. अंधेरी-ठाण्याची आयटी मंडळीही चौघंजण मिळून सेकंडहॅण्ड बोट शोधताना भेटतात. मी पेशानं सीए आणि हौसेनं सेलिंगवाला, त्यामुळे बोट पसंत पडली की फोन मला येतो. प्रश्न दोन, तेही ठरलेले. कंपनीच्या नावावर घेतली तर टॅक्स वाचेल ना? आणि उद्या काही झालं तर आमच्या फ्लॅटवर तर येणार नाही ना?

आधी टॅक्स. नव्या प्लेझर बोटीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. त्याआधी २८ टक्के अधिक ३ टक्के सेस होता. म्हणजे २० लाखांच्या बोटीवर ८ लाख नुसता कर! साहजिकच डोक्यात येतं, कंपनी काढू, जीएसटी नंबर घेऊ आणि याचं क्रेडिट लाटू. पण जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नं ही वाट बंद केलीय. बोटींचीच विक्री, प्रवासी किंवा मालाची वाहतूक आणि बोट चालवण्याचं ट्रेनिंग, एवढ्यांनाच सूट. दुरुस्ती आणि विम्यावरच्या जीएसटीलाही हाच नियम. चार मित्र रविवारी खांदेरीला चक्कर मारून येतात, हे यातल्या कुठल्याच खणात बसत नाही.

इन्कम टॅक्सचंही तेच. घसारा, डिझेल, खलाशाचा पगार हा खर्च वजा होतो, पण बोट धंद्यासाठी वापरली तर. मौजेचा खर्च नाकारला जातो, शिवाय पगारदार डायरेक्टरला पर्क्विझिटवर कर भरावा लागू शकतो. लॉगबुकात 'क्लायंट मीटिंग' लिहिणारे महाभागही आहेत. दर रविवारी, बायकोपोरांसकट? असेसिंग ऑफिसरलाही रविवार माहीत असतो हो!

मग कंपनी काढणं फुकटच का? तर नाही. दुसऱ्या प्रश्नात खरा जीव आहे. बोट चौघांच्या नावावर असेल आणि तिनं दुसऱ्याच्या बोटीला ठोकलं किंवा खलाशाला इजा झाली, तर दावा चौघांवरही येऊ शकतो. त्या दिवशी घरी मॅच बघत बसलेल्यावरसुद्धा. त्याचा फ्लॅट, त्याचं सेव्हिंग, सगळं पणाला. कंपनी किंवा एलएलपी असेल तर एरवी तो गुंतवलेल्या पैशापुरताच अडकतो. कंपनी वेगळी आणि मालक वेगळा, हे लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं १८९६ साली सालोमन नावाच्या बूटवाल्याच्या केसमध्ये सांगितलं, आणि आपल्याकडेही तेच तत्त्व चालतं.

पण हे कवच सुकाणू धरणाऱ्यासाठी नाही. भागीदार स्वतःच्या चुकीला स्वतःच जबाबदार, हे २००८ च्या एलएलपी कायद्यातच लिहिलंय. दोन बिअर मारून बोट हाकणाऱ्याला कुठलीही कंपनी वाचवत नाही. बँकेनं पर्सनल गॅरंटी घेतली असेल तर कर्जापुरतं बाकीच्यांचंही कवच गळालं. म्हणून मी आधी थर्ड पार्टी विमा बघायला सांगतो. पॉलिसीवर मालक म्हणून कंपनीचंच नाव हवं, आणि बोट भाड्यानं देणार असाल तर तसं तिच्यात लिहिलेलं हवं.

खर्चाचंही बघा. प्रायव्हेट लिमिटेडला दरवर्षी ऑडिट, मग बोट वर्षभर शाकारून पडलेली का असेना. वार्षिक फॉर्म उशिरा भरला तर फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये. एलएलपीला उलाढाल ४० लाखांच्या किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेलं तरच ऑडिट. एकट्यानं हौसेला घेत असाल तर सरळ स्वतःच्या नावावर घ्या, विमा तगडा काढा. चौघं असाल तर एलएलपी बरी. एकजण दुबईला निघाला तर त्याचा हिस्सा बदलतो, बोटीच्या नोंदणीवर मालक तोच राहतो.

फक्त करारात दोन गोष्टी आधीच लिहून घ्या. पावसाळ्यात बोट वर काढायचा खर्च कोण देणार, आणि दिवाळीच्या वीकएंडला ती कुणाची. माझ्याकडे आलेली भांडणं बहुतेक या दुसऱ्या कलमावरूनच झालीत.