वाटीपुढचे आणि वाटीमागचे

पश्चिम रेल्वेवर बोईसर ओलांडून डहाणूकडे निघालेली गाडी वाणगावला थांबते, तेव्हा रुळांच्या दोन्ही अंगांस जी शेते दिसतात, त्यांत पावसाळ्यात भाताची लावणी आणि हिवाळ्यात मिरचीची तोडणी ज्या स्त्रियांच्या हातून होते, त्यांच्या गुडघ्यांचा हिशेब कोणत्याही दप्तरात लिहिलेला नसतो. तासन्‌तास उकिडवे बसून सरीमागून सरी सरकणाऱ्या या बाया, चिकूच्या झाडांवर दिवसभर चढउतार करणारे मजूर, आणि संध्याकाळी शाळेच्या पटांगणात कबड्डी खेळणारी पोरे, ही सारी माणसे दवाखान्यात एकच तक्रार घेऊन येतात : गुडघ्याची वाटी दुखते. तक्रार एक असली, तरी तिच्या मुळाशी निरनिराळ्या व्याधी असू शकतात. आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या काढण्याच्या कामी सोनोग्राफीचे साहाय्य कोठवर होते व कोठे संपते, हे सामान्य माणसाला ठाऊक असणे मला अत्यंत अगत्याचे वाटते.

मांडीच्या पुढच्या अंगाचे स्नायू खाली येता येता एका बळकट कंडरेत परिणत होतात आणि त्या कंडरेतच वाटीचे हाड बसविलेले असते. वाटीच्या खालच्या टोकापासून नडगीवरील उंचवट्यापर्यंत दुसरी कंडरा जाते. तिच्या मागे चरबीची मऊ गादी असते, आणि वाटी व त्वचा यांच्यामध्ये एक चपटी, पातळ पिशवी असते. हे झाले वाटीच्या पुढचे आणि खालचे जग. वाटीच्या पाठीमागे मात्र गुळगुळीत कूर्चेचा थर असून तो मांडीच्या हाडाच्या खोबणीतून वरखाली सरकत असतो, आणि उकिडवे बसताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब याच जागी पडतो.

आता यंत्राकडे वळू. मनुष्याच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपलीकडचा ध्वनी ऐकू येत नाही. गुडघ्याच्या तपासणीत वापरला जाणारा ध्वनी सेकंदाला सुमारे एक कोटी कंपनांचा असतो. शरीराच्या मृदू भागांतून तो सेकंदाला सुमारे 1540 मीटर या वेगाने जात असल्यामुळे त्याच्या एका लहरीची लांबी अवघी 0.15 मिलिमीटर भरते, आणि म्हणूनच त्वचेलगतच्या कंडरेचे तंतूसुद्धा पडद्यावर वेगळे ओळखू येतात. एवढ्या बारीक लहरी फार खोल पोहोचत नाहीत. पण वाटीपुढील सगळा संसार त्वचेखाली बोटभर अंतरातच सामावलेला असल्याने येथे त्याची अडचण होत नाही.

तपासणीच्या मेजावर रुग्णाला उताणे निजवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवतात, म्हणजे गुडघा किंचित वाकतो आणि कंडरा ताणली जाते. थंड जेली लावून प्रोब उभा टेकविला, की निरोगी कंडरा पीळ घातलेल्या कासऱ्यासारखी, शेजारी शेजारी जाणाऱ्या तेजस्वी रेघांची दिसते. जेथे ती रोगट झालेली असते तेथे ती जाड होते, रेघा विस्कटतात, काळसर डाग उमटतो, आणि रक्तप्रवाह दाखविणारा डॉप्लर सुरू केला तर एरवी तेथे न दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या लुकलुकू लागतात. उड्या मारणाऱ्या खेळाडूंत हा दोष बहुधा वाटीच्या अगदी खालच्या टोकाशी सापडतो. तथापि येथे एक मोठा धोका आहे. प्रोब कंडरेशी काटकोनात न धरता थोडा कलला, तर निरोगी कंडराही काळी दिसते, आणि नवशिक्याला ती फाटल्याचा भास होतो. म्हणून जाणता तपासनीस प्रोब हलवून पाहतो, दुसरा गुडघा तपासून ताडून घेतो, आणि मगच मत देतो.

वाटीपुढच्या पिशवीत पाणी साठले, तर ते पडद्यावर काळेभोर दिसते. गुडघे टेकून काम करणाऱ्यांत हा विकार नेहमीचा. सांध्यात पाणी असेल, तर ते वाटीच्या वरच्या अंगाला जमलेले आढळते, आणि सुई नेमकी तेथे नेण्यास हेच चित्र वाट दाखविते. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला असेल, तर हे पाणी त्याच दिवशी काढून तपासणे अगत्याचे असते, कारण सांध्यात पू झाल्यास कूर्चेची नासाडी व्हायला फार दिवस लागत नाहीत. वाढत्या वयातल्या मुलांत नडगीवरच्या उंचवट्याला जो दुखरा गोळा येतो, ज्याचे वर्णन बोस्टनच्या ऑस्गुड आणि झुरिकच्या श्लाटर यांनी 1903 साली स्वतंत्रपणे केले, तोही या यंत्राने दिसतो. मात्र तो बहुतेकदा नुसत्या बोटाच्या दाबानेच ओळखता येतो, आणि हाडाची वाढ पुरी झाली की बहुधा शमतो.

पण ध्वनी हाडापाशी थांबतो. वाटीच्या हाडावर आदळलेली लहर परत फिरते आणि हाडामागे अंधारी सावली पडते. त्यामुळे वाटीच्या पाठीमागच्या कूर्चेविषयी हे यंत्र जवळजवळ मुके असते. जिना उतरताना, उकिडवे बसताना, बराच वेळ गुडघा मुडपून बसल्यावर उठताना जी कळ येते, ती पुष्कळदा याच मागच्या बाजूची. अशा बाईचा सोनोग्राफीचा अहवाल ‘सर्व ठीक’ असा येतो, आणि घरातली माणसे तिला काही झालेलेच नाही असे धरून चालतात; हा अन्याय आहे, आणि तो वारंवार घडतो. तिची वेदना खरी असते; मांडीच्या व कमरेच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम काही महिने नेटाने केले, तर अशा बहुतेकींना त्याचा उपयोग होतो. याच्या उलट, ज्यांना तिळमात्र दुखत नाही अशा खेळाडूंच्या कंडरांतही काळसर डाग सापडतात. म्हणून चित्रापूर्वी रुग्णाचे बोट पाहावे : कंडरेचा रोगी एका बोटाने नेमकी जागा दाखवितो, वाटीमागच्या दुखण्याचा रोगी सगळा तळवा वाटीवर फिरवितो.

हे यंत्र एवढे हलके, की पिशवीत घालून पाड्यापाड्यांवर न्यावे असे कोणालाही वाटेल. पण कायदा त्याला मनाई करतो, आणि ती मनाई रास्त आहे. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 साली केला, 1994 साली केंद्राचा कायदा आला, आणि 2003 साली तो अधिक कडक झाला. गुडघ्यांसाठी घेतलेल्या यंत्राचीही सरकारदरबारी नोंद करावी लागते; सुटसुटीत यंत्र नोंदलेल्या रुग्णालयाच्या आवाराबाहेर, फिरत्या वैद्यकीय पथकाचा नियमबद्ध अपवाद सोडल्यास, वापरता येत नाही. मुलींच्या गर्भांचा जो संहार या यंत्राने झाला, त्यापुढे गुडघेदुखीच्या रोग्याला गाडीने करावी लागणारी खेप अल्प होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

ती खेप फुकट जाऊ नये, याची तजवीज मात्र आधीच करता येते. पोटाच्या आणि गर्भारपणाच्या तपासण्यांत ज्यांचा दिवस जातो, अशा तज्ज्ञाच्या हाती ‘गुडघेदुखी, सोनोग्राफी करावी’ एवढीच चिठ्ठी पडली, तर त्याने शोधावे तरी काय? दुखरी जागा वाटीच्या वर आहे, खाली आहे की पुढे. किती महिन्यांपासून आहे. कोणत्या कामाने वाढते. सूज येते की नाही, हा तपशील गावच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहावा, जुनी क्ष-किरण छायाचित्रे बरोबर द्यावीत, आणि रुग्णाने जी हालचाल दुखते ती मेजावर चढण्यापूर्वी तज्ज्ञाला प्रत्यक्ष करून दाखवावी.